दिघ्याहून आणलेलं ग्राफिक्स कार्ड

साठ हजारांत गेमिंगचा कॉम्प्युटर असेंबल करता येतो, असं व्हिडिओमधून मला ज्या ज्या माणसांनी सांगितलं, त्यातल्या एकानेही तो ऐन भाववाढीत, नवी मुंबईत, वडिलांना बरोबर घेऊन केलेला नव्हता.

कॉम्प्युटर मला स्वतःसाठी हवा होता. वय तेहतीस, महाप्याला ऑफिस, कोपरखैरण्याला आईवडिलांबरोबर राहते. कॉलेजच्या आम्ही चौघी मैत्रिणी. एक पुण्यात, एक बंगळुरूला, एक कॅनडात. गेल्या वर्षी त्या तिघींनी दर रविवारी ऑनलाइन एक गेम खेळायला सुरुवात केली. जंगलात राहायचं, लाकडं तोडायची, घर बांधायचं, रात्री येणाऱ्या जनावरांपासून ते वाचवायचं. हेडफोन लावून खेळता खेळता गप्पा. माझ्याकडे होता ऑफिसचा लॅपटॉप, त्यावर काही टाकायची परवानगी नाही आणि तो गेम त्याला झेपलाही नसता. हळूहळू आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप थंड पडला, कारण सगळं बोलणं तिकडेच होऊन जायचं. बंगळुरूच्या मैत्रिणीचं लग्न मोडलं हे मला पंधरा दिवसांनी कळलं. तेसुद्धा ती म्हणाली, ‘अगं, तुला माहीत नव्हतं?’ तेव्हा.

मग मी कॉम्प्युटरच्या भागांची यादी करायला बसले. पहिल्यांदा वाटलं, किराणा भरायच्या यादीसारखं असेल. तसं नसतं. प्रोसेसर ठरवला की मदरबोर्ड आपोआप ठरतो, मदरबोर्डवरून रॅम ठरते, आणि त्या महिन्यात रॅमचे भाव आठवड्या-आठवड्याला चढत होते. वाशीच्या दुकानातून कोटेशन मागवलं तर खाली लिहून यायचं, आजचा रेट आजच. मी चार दिवस विचार केला, तेवढ्यात रॅम एवढी महागली की यादीतून नवा मॉनिटर गेला. हॉलमधल्या टीव्हीला जोडू म्हटलं तर आईने मालिकेवरची नजरसुद्धा न काढता नाही म्हटलं. शेवटी ऑफिसमधल्या एकीचा जुना मॉनिटर मिळाला. यादी अकरा वेळा बदलली. ग्राफिक्स कार्डाला मात्र मी हात लावला नव्हता. गेम चालायचा तो त्याच्यावर, म्हणून बाकी सगळीकडे काटकसर करून ते मी जपलं होतं.

पप्पा बरोबर आले ते, एवढे पैसे घेऊन एकटी कशाला जातेस, म्हणून. ते मूळचे साताऱ्याकडचे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. रिटायर झाल्यापासून सोसायटीतल्या कुणाचीही मोटर, कुणाचंही मीटर, त्यांना काहीही चालतं.

दुकानदाराने त्यांना विचारलं, “काका, मुलासाठी बनवताय का?”

“न्हाय, हिच्यासाठी,” पप्पा म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुढचं सगळं पप्पांशीच बोलायला लागला. मी विचारायचे, या बोर्डावर पुढे दुसरा प्रोसेसर बसेल का. तो उत्तर पप्पांना द्यायचा. पप्पांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी ते ‘बराबर, बराबर’ करत होते. मला वाटत होतं, त्यांनी एकदा तरी म्हणावं की हिला सांगा. ते त्यांच्या लक्षातच आलं नाही.

माझ्या यादीतल्या कॅबिनेटबरोबर पॉवर सप्लाय, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, फुकट येत होता. पप्पांनी तो डबा उचलला, हातात तोलला आणि काउंटरवर परत ठेवला.

“ह्यात काय न्हाय,” ते म्हणाले. “नुसता पत्रा हाय.”

मी सांगितलं की पप्पा, तेवढ्यावर भागतं, लोक वापरतात. ते ऐकेनात. कंपनीत एकदा हलक्या सप्लायपायी सबंध पॅनेल जळालेलं त्यांनी पाहिलं होतं. ती गोष्ट त्यांनी दुकानदाराला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवली. दुकानदाराला काय, महागाचा माल खपत होता. काका लाख बोलले, असं म्हणत त्याने लगेच जाड, वजनदार डबा काढून समोर ठेवला. मागे आणखी दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी हळू आवाजात म्हटलं की एवढे पैसे तिकडे गेले तर माझं कार्ड बसत नाही. पप्पा म्हणाले, “कार्ड मागनं घे. मशीन कुठलंबी असू दे, करंट सरळ पायजे.”

दुकानदारही म्हणाला, कार्ड नंतर घ्या, काय घाई आहे. मी गप्प बसले. रागाने गप्प बसले, आणि त्या रागात एक गोष्ट विसरले. पैसे वाचवायला मी जो प्रोसेसर निवडला होता, त्यात स्वतःचं ग्राफिक्स नव्हतं. म्हणजे कार्ड लावल्याशिवाय मॉनिटरवर काहीच दिसणार नव्हतं. मला हे पाठ होतं. दुकानदारालाही माहीत असणारच, पण तो बोलला नाही.

घरी आणून मीच सगळं जोडलं. दुपार गेली त्यात. बोटं सोलली, एक स्क्रू गाद्यांखाली गेला. बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले, आणि मॉनिटर काळाच्या काळा. पप्पांना फार आनंद झाला होता, करंट बरोबर जातोय म्हणून. मी आत जाऊन दार लावून घेतलं.

आता नव्या कार्डाला पैसे नव्हते आणि कार्डाशिवाय घरात नुसतं पंख्याचं खोकं होतं. मी जुन्या सामानाच्या जाहिराती बघायला लागले. दिघ्याला एक जण चांगलं कार्ड माझ्या उरलेल्या पैशांत देत होता. शनिवारी एकटीच गेले. एकाला एक चिकटलेली घरं, गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने बाजूला व्हायचं. पत्र्याच्या जिन्याने वर त्याची खोली. पस्तिशीचा माणूस, बोलायला मवाळ. टेबलावर सोल्डरिंगचं सामान पसरलेलं. त्याने माझ्यासमोर कार्ड लावून दहा मिनिटं गेम चालवून दाखवला, त्याच्या बायकोने पाणी आणून दिलं. मी पैसे दिले आणि कार्ड ओढणीत गुंडाळून आणलं.

आठ दिवस ते उत्तम चाललं. एक रविवार मी खेळले. गेममधल्या तिघींच्या घराच्या कुंपणाचा एक कोपरा मला बांधायला दिला होता त्यांनी. नवव्या दिवशी पडद्यावर आधी हिरव्या रेघा आल्या, मग ठिपके, मग काही नाही.

मी त्याला फोन केले. पाचव्या वेळी उचलला. “मॅडम, तुमी चालू बघून नेलं ना,” तो म्हणाला. खरं होतं ते. मी बघूनच नेलं होतं.

फोन ठेवला आणि समोर पप्पा दिसले. मी त्यांना म्हटलं की हे सगळं तुमच्या त्या डब्यामुळे झालं. तुम्हाला कळत नव्हतं तर बोललात कशाला? माझे पैसे होते, माझी वस्तू होती, त्या दुकानदाराने मला एक शब्द विचारला नाही आणि तुम्ही त्याच्या बाजूने बोललात. आणखीही बोलले, ते इथे लिहीत नाही. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि परत आत गेली. पप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेल्यावर त्यांनी ते कार्ड पिशवीत घातलं, माझ्या टेबलावरच्या चिठ्ठीवरून पत्ता घेतला आणि बसने दिघा गाठलं. आईने मला दुपारी फोनवर सांगितलं. माझा दिवस त्यातच गेला. भांडण झालं असेल, कुणी हात टाकला असेल, बीपी वाढलं असेल, काय काय मनात येत होतं. फोन ते उचलत नव्हते.

संध्याकाळी घरी आले तर पप्पा सोफ्यावर बसून चहा पीत होते. चेहरा इतका खुललेला मी किती दिवसांत पाहिला नव्हता.

“मानूस चांगला हाय,” ते म्हणाले. “हातात कला हाय त्याच्या.”

झालं होतं असं. पप्पांनी जाऊन भांडण केलंच नाही. काय बिघडलंय ते दाखव, म्हणाले. त्या माणसाने कबूल केलं की कार्ड आधी एकदा बंद पडलं होतं, त्याने चिप तापवून जागेवर बसवली होती, टिकेल असं वाटलं होतं. कंपनीतलं काम सुटल्यापासून तो हेच करत होता. मग दोघांनी मिळून ते उघडलं. चार तास. पप्पांनी मल्टिमीटर धरला, त्याने गरम हवेची गन. दुपारी तिथेच जेवले. जाता जाता पप्पांनी त्याच्या खोलीचा ठिणग्या उडणारा मीटरबोर्डही नीट करून दिला.

मी विचारलं, “आणि कार्ड?”

“ते गेलंच,” पप्पा म्हणाले. “चिपच मेली.”

मला हसावं की रडावं कळेना, म्हणजे खरं तर हसू अजिबातच येत नव्हतं. माझं कार्ड मेलं होतं, पैसे गेले होते, आणि माझा बाप ज्याने मला फसवलं त्याच्या घरी भाकरी खाऊन आला होता. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, फसवलं न्हाय, चुकलं त्याचं. मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं दुसरं कार्ड काढलं. जुनं, एकाच पंख्याचं, निम्म्या ताकदीचं. त्या माणसाने स्वतःच्या कॉम्प्युटरमधलं काढून दिलं होतं. माझं बंद पडलेलं त्याने सुट्या भागांसाठी ठेवून घेतलं.

मला ते परत पाठवायचं होतं. दोन दिवस टेबलावर तसंच पडलं होतं. मग लावलं.

चाललं. सगळं खालच्यात खालच्या पातळीवर ठेवलं तर तो गेम चालतो. झाडांना पानं कमी दिसतात, गवत दिसतच नाही, पाणी म्हणजे निळी फरशी. पण चालतो.

त्या शनिवारी पप्पांना मी म्हटलं, “तुम्हाला बोलले ते जास्त झालं. पण तो सप्लाय महागच होता, पप्पा.”

“महाग हायच की,” ते म्हणाले, आणि पेपर वाचत राहिले. दुकानदार माझ्याऐवजी त्यांच्याशीच बोलला, त्याबद्दल मी पुन्हा काही बोलले नाही. बोलायला हवं होतं असं अजून वाटतं.

रविवारी हेडफोन लावून बसले. कुंपणाचा माझा कोपरा त्यांनी तसाच मोकळा ठेवला होता. मी लाकडं आणली, तो पुरा केला. दीड तास झाल्यावर पुण्याची म्हणाली की आता नवीन गेम लावू या, आम्ही गेल्या आठवड्यात घेतलाय, फार सुंदर आहे. मी त्याची माहिती काढून पाहिली. माझ्या कार्डावर तो सुरूसुद्धा झाला नसता. तसं सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग राहू दे, हाच खेळू. मी म्हटलं, नको, तुम्ही खेळा.

त्या तिकडे गेल्या. मी हेडफोन काढले नाहीत. पडद्यावर काही नव्हतं, नुसते तिघींचे आवाज येत होते. कुणी दरीत पडलं, कुणी हसलं. मध्येच बंगळुरूची तिच्या नव्या भाड्याच्या घराविषयी बोलायला लागली, ओट्याला लागून खिडकी आहे म्हणाली, आणि मी विचारलं की ऊन कुठल्या बाजूने येतं.