कपाच्या बुडावरची धार

जुळे सोलापुरात राहायला आलो त्याच आठवड्यात समोरच्या दाराचे अप्पा बिराजदार आमच्याकडे चहाला आले. चहा बशीत ओतून संपवला, रिकामा कप पालथा घातला, बुडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कडा झकास हाय. चाकू कुटं हाय तुमचा?" मला वाटलं, असेल यांच्याकडची काही रीत. मी चाकू दिला. कपाच्या बुडाला जी खरखरीत कड असते, तिच्यावर त्यांनी पाण्याचे थेंब सोडले, चाकू कलता धरला आणि माझ्या लग्नातल्या कपावर खर्र खर्र सुरू केलं. पाहुण्यांनी चहाला नावं ठेवलेली मी ऐकली होती, पण कप कामाला लावणारा पाहुणा पहिलाच.

अप्पा मूळचे दुधनीचे. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात त्यांची हयात गेली. म्हणजे धार लावायचे दगड त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना सही घेऊन दिले, स्वतः कधी हातात धरले नाहीत. ती सगळी हौस निवृत्तीनंतर आमच्या बिल्डिंगवर निघाली. जिन्याच्या शहाबादी फरशीची कड, तुळशीच्या कुंडीचं बूड, कमरेचा चामडी पट्टा, काहीच सुटलं नाही. एकदा तर सोसायटीच्या सेक्रेटरींच्या नव्या कोऱ्या गाडीची काच अर्धी उघडी दिसली, तेव्हा तिच्या वरच्या कडेवर हे शांतपणे सुरी घासत उभे. सेक्रेटरी बनियनवरच धावत खाली आले. अप्पा म्हणाले, "काचेला काय बी होत न्हाय. आन गाडी तर नुसती उबीच असती की तुमची!" त्यानंतर सेक्रेटरी उन्हाळ्यातही काचा बंद ठेवू लागले.

मुलानं पुण्याहून धार लावायचं एक सुबक यंत्र पाठवलं. ते शोकेसमध्ये, नातवाच्या बक्षिसाशेजारी, खोक्यासकट विराजमान झालं. "त्यात नुसतं वडायचं असतंय," अप्पा तुच्छतेनं म्हणायचे. "मानसाचं काय काम हाय त्यात?" मग ठरलेलं वाक्य यायचं, "बोथट चाकू बोट कापतो, धारेचा चाकू भाजी कापतो. ध्यानात ठेव वैशाली." ध्यानात न ठेवून सांगते कुणाला? आठवड्यातून एकदा तरी ऐकावंच लागायचं.

या सगळ्या उद्योगाकडे शांताकाकू, म्हणजे अप्पांच्या पत्नी, ओट्याशी उभ्या राहून कौतुकाने पाहायच्या. तोंडाने मात्र म्हणायच्या, "यप्पा, येवढी धार जिभेला असती तर पुढारी झाला असता की."

मग काकूंचा हात थरथरू लागला. आधी चहाची बशी वाजायची, पुढे एका सकाळी गवार चिरताना बोट असं कापलं की टाके पडले. मुलाचा पुण्याहून फोन आला. आईने यापुढे चाकूला हात लावायचा नाही, स्वयंपाकाला बाई ठेवा, नाहीतर दोघंही इकडे या. काकूंनी पदराला हात पुसला आणि सांगितलं, "माझ्या वट्यावर दुसरी बाई उबी ऱ्हायली, तर मी जेवनार न्हाय." बोलून दाखवलं ते करणाऱ्यांपैकी त्या होत्या. दोन दिवस अप्पांच्या घरात खर्र खर्र ऐकू आली नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाली, आणि अप्पांनी काय समजूत घातली कोण जाणे, मुलाचे फोनही थांबले. मी म्हटलं, चला, म्हातारा सुधारायचा नाही.

त्या महिन्यात माझा चाकू सापडेना म्हणून मी काकूंचा मागून आणला. वांगं चिरायला घेतलं, तर ते चिरेना, नुसतं दबत होतं. चाकू परत करताना दारातच म्हटलं, "अप्पा, हात गेला हो तुमचा!" अप्पांनी तोंडावर बोट ठेवलं आणि मला जिन्यात ओढून नेलं.

"वरडू नगंस. कलता धरला की धार येती. उबा धरून घासला की जाती. आवाज त्योच."

"पण बोथट चाकू बोट कापतो म्हणता ना?"

"अर्धा बोथट कापतो. पुरता बोथट झाला की त्यो कुनाचं काय बी करत न्हाय. रिटायर मानसासारखं." मग हळूच म्हणाले, "तिला कळू देऊ नगंस. वटा सुटला की ती बी सुटंल बग."

तेव्हापासून अप्पांच्या पिशवीतून गवार, सुरण हद्दपार झाले. पिकले टोमॅटो, कोवळा दोडका, केळी. भोगीच्या भाजीला गाजर लागतं, तर हे आमच्या कुकरमध्ये गाजरं वाफवून, पुन्हा गार करून पिशवीत घालायचे आणि घरी सांगायचे, "आता मंडईत अशीच मऊ यायलेत." इतकं खोटं इतक्या भाबड्या तोंडाने सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बिल्डिंगीत मात्र अप्पांची धार गेल्याची चर्चा झाली. सेक्रेटरींना विशेष आनंद झाला. ज्या एका गोष्टीचा अभिमान होता, तिच्यावरून हा माणूस स्वतःचं हसं करून घेत होता, आणि मला त्याचा फार लळा लागत होता.

अप्पा गेल्या उन्हाळ्यात गेले. खुर्चीत बसल्या बसल्या, कुणाला त्रास न देता. दिवसकार्य झाल्यावर मुलगा पुण्याला परतला. काकू म्हणाल्या, पाऊस पडला की येते, आणि ओट्याशी उभ्या राहिल्या.

दुसऱ्याच सकाळी त्या माझ्या दारात आल्या. थरथरत्या हातात पालथा कप होता आणि फडक्यात गुंडाळलेला चाकू.

"बापाचा चाकू बोथट दिसला, म्हनून पोरानं जाताना दारावरच्या धारवाल्याकडनं कौतुकानं धार लावून दिली. लई लागती. ह्यांच्यासारखी करून दे."

"काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"इतकी वर्सं आयकलाय त्यो आवाज. कलता धरला का उबा, कळत न्हाय व्हय?"

"मग कधी बोलला नाहीत?"

"येवढं मन लावून लपवायलेत, म्हनलं, लपवू दे."

मी कप ओट्यावर पालथा घातला, चाकू उभा धरला आणि घासू लागले. डोळ्यांपुढे कपाची कड नीट दिसेना. काकूंनी अंगठा फिरवून पाहिला, काही झालं नाही. समाधानाने चाकू फडक्यात गुंडाळून त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"आन मंडईत गेलीस तर गाजरं आन मला. ती, तुज्या कुकरातली."