मुकादमाच्या पाठीवर पोतं

आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही. साक्रीकडचं गाव सोडून आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्यात हमाली करायला आले आणि पुढे टोळीचे मुकादम झाले. मक्याच्या गोडाऊनमध्ये त्यांचा डबा घेऊन मी जायची. सुतळीचा आणि मक्याच्या भुश्शाचा तो वास आजही कुठे आला, की पाय आपोआप थांबतात.

आबांच्या टोळीची एक रीत होती. "बस" म्हणायचं ते फक्त मुकादमाने. शेठ ओट्यावरून "थांबवा, थांबवा!" म्हणून ओरडले तरी फळीवरून चढणारा हमाल थांबायचा नाही. "आबा बोलतीन तवय थांबसूत," म्हणायचा आणि पुढे जायचा. त्यात माज नव्हता. अरुंद फळीवर एकजण मध्येच थांबला, तर मागचा पोत्यासकट त्याच्यावर येणार. आणि आबा तरी लगेच कुठे बोलायचे? त्यांच्याही पाठीवर पोतं असायचं. मुकादमाने रिकाम्या हाताने उभं राहणं त्यांना मान्यच नव्हतं. आपलं पोतं थप्पीवर टाकायचं, कंबर सरळ करायची, मग म्हणायचं, "बस!" त्यानंतर प्रत्येकजण पाठीवरचं पोतं ठिकाणी लावूनच थांबायचा. तोवर शेठचा घसा बसलेला असायचा. मला ते बघायला फार आवडायचं.

गेल्या वर्षी त्याच गोडाऊनच्या वजनकाट्याला कॉम्प्युटर जोडायचं काम निघालं. टोळी आता पांगलेली, आबांची पाठ गेलेली. शेठ म्हणाले, "आबाची पोरगी करून दाखवत असेल तर तिला देऊ. नाहीतर नाशिकचे कॉम्प्युटरवाले आहेतच." मला ते काम हवंच होतं. ज्या दारातून मी डबा घेऊन आत जायची, त्याच दारातून मला कामाची माणूस म्हणून आत जायचं होतं.

प्रोग्राम मी पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला. कामं थ्रेडमध्ये वाटून दिली. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये शेजारी शेजारी चालणारे कामकरी. एक चिठ्ठी छापणार, एक बोर्डावर आकडा दाखवणार. सगळ्यात जड काम होतं काट्याची वाट बघून वजन घ्यायचं. ते मी मुख्य थ्रेडला, म्हणजे प्रोग्रामबरोबर सुरू होणाऱ्या पहिल्या कामकऱ्याला दिलं. मोठ्या माणसाने आधी उचलायचं, हेच मी घरात बघितलेलं.

दाखवायच्या दिवशी सगळं झकास चाललं. मग शेठचे हिशेब बघणारे मुनीमजी म्हणाले, "आता बंद करून दाखवा." हमालांनी हात थांबवले. मी प्रोग्राम थांबवायचं कंट्रोल-सी दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.

"मॅडम, हा तर आबाच्या टोळीतला निघाला," मुनीमजी म्हणाले. "कुणाचं ऐकतच नाही!"

सगळे हसले. तेवढ्यात एका हमालाने खांद्यावरचं पोतं काट्यावर टाकलं, आणि प्रोग्राम तत्क्षणी बंद पडला. पोतं थप्पीवर गेलं, त्याची नोंद मात्र कुठेच नाही.

"पोतं गिळलं की तुझ्या मशीननं," शेठ म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत बघतो. नाहीतर नाशिक."

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात फळीवरचे आबाच होते. 'थांब' हा सिग्नल ऑपरेटिंग सिस्टिम पोचवते, पण पायथनचा इंटरप्रिटर, म्हणजे प्रोग्राम वाचून चालवणारा, त्यावरचं काम मुख्य थ्रेडकडूनच करून घेतो, तेही हातातली एक सूचना संपून पुढची सुरू व्हायच्या मधल्या सांध्यात. माझा मुख्य थ्रेड काट्याशी बोलणाऱ्या तयार कोडमध्ये, त्याच्या लायब्ररीत जाऊन पोत्याची वाट बघत अडकलेला. पोतं येईना, म्हणून सांधा येईना. पोतं आलं, तो बाहेर पडला, आणि वजन लिहायच्या आधीच त्याने साठलेला इशारा ऐकला.

मग मी मुख्य थ्रेडच्या पाठीवरचं पोतं उतरवलं. काटा दुसऱ्या थ्रेडला दिला आणि त्याला बजावलं, की पोतं नसेल तर जरा थांबून परत ये, थांबायची खूण लागली आहे का बघ. मुख्य थ्रेडने नुसतं ऐकायचं. सिग्नल आला की खूण लावायची. ती दिसली की बाकीच्यांनी हातातलं पोतं लिहून मगच थांबायचं.

दुसऱ्या दिवशी आबांना रिक्षाने सोबत नेलं. ते दाराजवळच्या पोत्यावर बसले. मुनीमजींनी मुद्दाम काट्यावर पोतं असतानाच सांगितलं, "करा बंद." मी दाबलं. वजन नोंदलं, चिठ्ठी छापली, आणि मग सगळं शांत झालं.

"बस कोन बोलनं?" आबांनी विचारलं.

"मुख्य थ्रेड. तुमच्यासारखा मुकादम आहे तो."

"त्याना पाठवर काय व्हतं?"

"काहीच नाही, आबा. तो नुसता ऐकत उभा असतो."

"रिकामा उभा?" आबांनी शेठकडे बघितलं. "मंग तो मुकादम नही शे, माय. तो शेठ शे."

हमाल खो खो हसले. शेठही हसले आणि मुनीमजींना म्हणाले, "नाशिकवाल्यांना नको म्हणून कळवा."

प्रोग्राम अजून तिथे चालतो. नुसतं ऐकणाऱ्या त्या भागाला मी 'मुकादम' असं नाव दिलेलं होतं. आबांनी घरी आल्यावरही दोनदा सांगितलं, बदल. मी नाही बदललं. त्याला रिकाम्या पाठीने उभं राहायला मिळतं, आबांना ते कधी मिळालं नाही.