रुसणाऱ्याची नेमणूक

मी सहावीतनं शाळा सोडली आणि नकाशाचा धडा सातवीत होता, त्यामुळे आफ्रिका कुठं आहे हे मला बरीच वर्षं नीट माहीत नव्हतं. आता माहीत आहे. आप्पांच्या चार नंबरच्या खोलीत आफ्रिकेतली दोन माणसं राहायला आली आणि त्यांच्या देशातलं सरकार आणि बंडखोर यांच्यातली बोलणी आमच्या मेसच्या सतरंजीवर येऊन बसली.

आप्पा मूळचे खुटबावचे, दौंड तालुक्यातले. सोसायटीचे माजी संचालक, गावच्या तंटामुक्ती समितीचे माजी अध्यक्ष. शिरूर तालुक्यात कारेगावला जागा घेऊन त्यांनी कंपनीतल्या कामगारांसाठी खोल्या बांधल्या आणि स्वतःही इथंच राहायला आले. त्यांच्या धाकट्या बहिणीला आम्ही सगळे मावशी म्हणतो. त्या खाली मेस चालवतात. मी किनवटकडचा. नऊ वर्षांपूर्वी एका पिशवीनिशी इथं उतरलो तेव्हा मला कुणी खोली देईना. आप्पांनी आधार कार्डसुद्धा न बघता दिली. "चेहऱ्यावरनंच भित्रा दिसतोय, ह्यो काय करणार हाय?" असं ते मावशींना म्हणाले. मला ते ऐकू आलं आणि फार बरं वाटलं. तेव्हापासून पॅकिंगची ड्यूटी सांभाळून मी आप्पांच्या पाण्याची मोटर चालू करतो, टाकी भरली की बंद करतो, आणि मधल्या वेळात टाकी भरून वाहिली तर काय होईल याची काळजी करतो.

ते दोघं आमच्या कंपनीत मशीनच्या ट्रेनिंगला आले होते. एक राजधानीतला, उंच आणि बोलका. दुसरा उत्तरेकडच्या खेड्यातला, अंगानं लहान आणि गप्प. त्यांची नावं आम्हाला धड घेता येईनात, म्हणून मावशींनी पहिल्याच दिवशी उंच होता त्याला थोरला आणि दुसऱ्याला धाकटा करून टाकलं. पुढं कळलं की धाकटा थोरल्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे, पण तोवर साऱ्या चाळीला सवय झाली होती. दोघंही आमच्याइतकंच वाईट हिंदी बोलायचे, त्यामुळे छान जमलं.

धाकट्याची एक अडचण होती. त्याचं गाव बंडखोरांच्या ताब्यातल्या भागात. गावाला जाणारा रस्ता एकच आणि त्यावर बंडखोरांचं फाटक. तो इकडं आल्यावर तिकडं त्याला मुलगी झाली. तिचे फोटो तो जेवताना ताटाला टेकवून ठेवायचा. ट्रेनिंग संपायला महिना राहिला होता. फाटक बंदच राहिलं तर विमानानं राजधानीपर्यंत जायचं आणि तिथंच बसायचं. म्हणजे लेकीचं तोंड बघायला मिळणार की नाही, हे दोन्ही बाजू बोलायला बसतात का यावर होतं. आणि त्या बसत नव्हत्या.

ही बातमी आम्हाला आतल्या गोटातून मिळायची. बोलणी ज्या सरकारी विश्रामगृहात व्हायची होती, तिथं थोरल्याचा मामा जेवणाखाण्याचं आणि बसण्याउठण्याचं बघायचा. एका सकाळी पोहे खाताना थोरल्यानं सांगितलं की बैठक पुन्हा पुढं गेली. का? सरकारच्या बाजूच्या खुर्च्यांना हात होते आणि बंडखोरांच्या बाजूच्या खुर्च्यांना नव्हते.

आप्पांनी बशी खाली ठेवली. "म्हंजी मानपानाचं हाय व्हय! मला वाटलं काय तरी मोठं आसंल."

"आप्पा, बंदुका आहेत त्यांच्याकडं," मी म्हणालो.

"पाव्हणं, तुमी कदी व्याह्याला बिनहाताच्या खुर्चीत बसवून बघितलंय का? न्हाई ना? मंग गप ऱ्हावा. त्याच्याम्होरं बंदूक काय न्हाई."

नऊ वर्षं झाली तरी आप्पा मला पाव्हणंच म्हणतात. पाहुणा म्हणजे कधीतरी जाणारा माणूस. ते काही सुचवत तर नाहीत ना, असं मला दर वेळी वाटून जातं.

आप्पांनी धाकट्याला देश काढून दाखवायला सांगितला. कागद जवळ नव्हता, म्हणून त्यानं मावशींच्या परातीतल्या पिठात बोटानं काढला. ही नदी. अलीकडं सरकार, पलीकडं ते.

"सातबारा कुणाच्या नावावर हाय?" आप्पांनी विचारलं.

मी घाबरत हिंदी केली, "जमीन किसके नाम पे है?"

दोघं एकमेकांकडं बघून हसले. बोलणी अडल्यापासून त्यांचं आपसातलं बोलणंही आटलं होतं, त्यामुळे मला जरा हायसं वाटलं. "यही तो झगडा है, आप्पा," थोरला म्हणाला.

"मंग मोजणी आणा की!" आप्पा म्हणाले. "सरकारी मोजणी आणल्याबिगर नदीचं सांगायचं न्हाई मला."

"देश मागनं करा, भाकरी व्हायच्यात," म्हणत मावशींनी परात ओढली आणि नदीसकट साऱ्या देशावर पाणी ओतलं.

दोन दिवस आप्पा विचारात होते. तिसऱ्या दिवशी मोटर बंद करून मी खाली आलो तर त्यांनी आम्हा तिघांनाही समोर बसवलं.

"ऐका. खुर्चीवरनं बैठक मोडत न्हाई. बैठक मोडती रुसणाऱ्यामुळं. सुपारी फोडायची आसू द्या, न्हाईतर बांधाचं भांडण आसू द्या, हरेक बैठकीत एक जण रुसून उठतोच. शहाण्या माणसानं काय करायचं? रुसणारा आधीच नेमायचा. आन् त्याच्यामागं ताट घिऊन जाणारा बी आधीच नेमायचा. तसं केलं न्हाई तर कोणबी कवाबी रुसतो, त्याच्यामागं कोण जात न्हाई, आन् मंग झालं."

हे भाषांतर करायला मला पाव तास लागला. रुसणे याला हिंदीत नाराज म्हणतात, पण नाराज माणूस खरंच नाराज असतो. रुसणाऱ्याचं तसं नसतं, त्याला परत यायचंच असतं. हे मी हातवाऱ्यांनी सांगितलं. धाकट्यानं मान डोलावली. त्याला ते माझ्याआधीच कळलं असावं.

"मामाला फोन करून सांगतो," थोरला म्हणाला.

"सांगून काय व्हतंय? करून दाखवू. तालीम घ्यायची, मोबाईलवर शूटिंग करायचं, आन् धाडून द्यायचं."

सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला तालीम ठरली. मेसमधल्या साऱ्या खुर्च्या अंगणात काढल्या आणि आत सतरंजी टाकली. आप्पांनी मुद्दाम थोरल्याला बंडखोर केलं आणि धाकट्याला सरकार. "आपापल्या बाजूनं बसली तर खरंच भांडतील," ते माझ्या कानात म्हणाले. मी बंडखोरांच्या बाजूचा रुसणारा आणि मावशी ताट घेऊन मागं येणाऱ्या. आप्पांनी नऊ वर्षांत पहिल्यांदा मोटर सोडून दुसरं काही काम सांगितलं होतं.

आधी सत्कार झाला. दोन्ही बाजूंना टॉवेल, टोपी, नारळ. मग आप्पांचं प्रास्ताविक, ज्यात खुटबावच्या तीन भावांनी एका विहिरीवरून सोळा वर्षं अबोला कसा धरला आणि आप्पांनी तो कसा मोडला हे सगळं आलं. मग धाकटा बोलायला उठला. इतके दिवस गप्प असलेला माणूस सरकार म्हणून उभा राहिला आणि असं लांबलचक बोलला की थोरला टोपी पडेपर्यंत हसला. "ये तो हमारा मंत्री है! दस मिनट बोला, कुछ नहीं बोला!" मग थोरल्यानं बंडखोर म्हणून पहिली मागणी केली: फाटकावरच्या आमच्या पोरांना बूट पाहिजेत. धाकट्यानं सरकार म्हणून त्यासाठी समिती नेमली.

आप्पांनी मला डोळा मारला. मी उठलो, "मी जेवणार नाही" असं म्हणालो आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो.

मावशी ताट घेऊन आल्या. "जेवा ना, भाऊ."

"बरं," मी म्हणालो.

"अवो पाव्हणं!" आप्पा आतनं ओरडले. "तीनदा न्हाई म्हणायचं आसतंय!"

पुन्हा केलं. या वेळी मी नको म्हणालो, पण वाटाण्याची उसळ होती आणि हात आपोआप ताटाकडं गेला. तिसऱ्यांदा मी दोन वेळा ठामपणे नको म्हणालो, मग मावशींना खरंच वाईट वाटलं असेल असं वाटून त्यांची माफी मागितली. आप्पांनी कपाळाला हात लावला. "एक रुसायचं काम दिलं, तेबी ह्याला जमना!"

रुसायला मागं कुणीतरी येईल याची खात्री लागते. इतक्या लांब येऊन राहिलेला माणूस ती खात्री कुठून आणणार? मला तर इथं कुणी घास पुढं केला की आधी हात जोडावेसे वाटतात.

तेवढ्यात धाकटा बाहेर आला आणि माझ्या शेजारी पायरीवर बसला. "भाई, हटो. मुझे आता है. मैं दामाद हूँ."

आणि तो रुसला. पाठ फिरवली, हाताची घडी घातली, नजर पार रांजणगावच्या कारखान्यांच्या चिमण्यांकडं लावली. मावशींनी तीनदा विनवलं, तीनदा मान हलली नाही. चौथ्यांदा त्यानं ताटाकडं तिरकं बघितलं. पाचव्यांदा भाजी कुठली आहे असं विचारलं. आत येऊन बसला तेव्हा आप्पांनी स्वतः त्याच्या ताटात गूळ वाढला. "ह्येला म्हंत्यात रुसणं! पाव्हणं, शिका कायतरी." सरकारच रुसलं होतं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. शूटिंग तसंच गेलं.

मामाचा निरोप आठवड्यानं आला. आधी खुर्च्यांचं. मामानं सुतार बोलावून सरकारच्या बाजूच्या खुर्च्यांचे हात कापून घेतले होते. दोन्ही बाजू बसल्या. दुसऱ्या दिवशी बंडखोरांचा एक कर्नल चिडून उठला आणि बागेत जाऊन उभा राहिला. मामा ताट घेऊन मागं गेला. कर्नल तीनदा नको म्हणाला आणि चौथ्यांदा आत आला.

आप्पा उठून उभेच राहिले. "आपला व्हिडिओ बघितला म्हनून!"

थोरला जरा चाचरला. मग मामाचे शब्द त्यानं तसेच सांगितले. "मामा म्हणतात, व्हिडिओ बघून खूप हसलो, पण हे आप्पांनी शिकवायची गरज नव्हती. जावई आमच्याकडंही असतात."

"मंग आधी का न्हाई गेला ताट घिऊन?" आप्पा म्हणाले. त्या दिवसापासून बैठक आप्पांनी घडवली असं कारेगावातले निम्मे लोक धरून चालले.

पहिल्या फेरीत दोनच गोष्टी ठरल्या. दुसरी फेरी कधी, हे एक. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी फाटक उघडं ठेवायचं, हे दुसरं.

"एवढंच?" मी विचारलं.

"लई झालं," आप्पा म्हणाले. "आमच्यात पयल्या बैठकीत निसती दुसऱ्या बैठकीची तारीख ठरती, आन् त्यातबी दोघं जण म्हंत्यात त्या दिवशी आमाला लगीन हाय."

बाजार बुधवारी भरायचा. धाकट्यानं त्या हिशेबानं तिकीट काढलं; थोरला आठवड्यानं मागनं निघणार होता. मावशींनी बाळंतविडा बांधला: झबलं, टोपडं, दुपटं. आणि बाळाच्या आईला तोंडाला चव यावी म्हणून लसणाच्या चटणीची एक बरणी, वरून प्लास्टिक, वरून दोरा. मी म्हणालो, मावशी, एवढी तिखट चटणी बाळंतिणीला? त्या म्हणाल्या, "तिनं न्हाई खाल्ली तर सासू खाईल." हायवेवर त्याला विमानतळाच्या गाडीत बसवताना त्यानं माझे दोन्ही हात धरले. मी एवढा गडबडलो की त्याला "सांभाळून" म्हणायच्या ऐवजी "मोटर बंद केली आहे" असं म्हणालो.

बुधवारी माझी दुपारची ड्यूटी होती, म्हणून मी मेसमध्येच होतो. सकाळपासून मावशींनी मला तीनदा चहा दिला आणि मी तिन्ही गार केले. बाजार असताना कुणी गोळी झाडली तर? फाटकवाल्याला बुधवार आहे हेच माहीत नसलं तर? साडेबारा वाजता थोरल्याचा फोन वाजला. त्यानं स्पीकर लावला.

धाकटा पोचला होता. पण फाटकावर गडबड झाली होती. पिशवी उघडली, झबलं बघून पहारेकरी हसले, मग बरणी निघाली. आत लाल पूड. हे काय? चटणी. खाऊन दाखव. त्यानं खाऊन दाखवली. मग त्यांच्यातल्या मोठ्यानं बोट भरून तोंडात घातलं, आणि तो खोकत खाली बसला तसे बाकीचे सगळे बंदुका सावरून उभे राहिले. धाकटा म्हणाला, मला वाटलं आता बोलणी माझ्यामुळं मोडणार. पण त्या माणसानं डोळे पुसले, पाणी प्यायलं आणि अर्धी बरणी स्वतःकडं काढून ठेवली.

"निम्मी?" मावशी म्हणाल्या. "आधी सांगायचं ना, त्यास्नी वायली बांधून दिली आसती!"

"आन् पोरगी?" आप्पांनी विचारलं. "पोरगी कुठाय?"

पोरगी तिथंच होती. तिचा आवाज मघापासून येत होता, आम्हाला वाटलं लाईन खराब आहे. ती जीव तोडून रडत होती. धाकट्यानं सांगितलं की त्याला बघितल्यापासून ती अशीच रडते आहे, जवळ गेलं की आणखी. तो म्हणाला, "मुझे पहचानती नहीं."

"चार महिन्याची ती, कुणाला वळखती हाय!" मावशी फोनवर वाकल्या. "त्येला सांगा, किल्ल्या वाजव. किल्ल्या!"

थोरल्यानं सांगितलं. तिकडं किल्ल्याच नव्हत्या. घराला कुलूप नाही. आप्पांनी कमरेचा सगळ्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि फोनजवळ धरून वाजवायला लागले. मावशींनी दोन चमचे घेतले. मी मोटरीच्या खोलीची एकुलती किल्ली ग्लासात घालून हलवू लागलो. थोरला त्यांच्या भाषेत काहीतरी गात होता. दारातनं जाणारे दोघंतिघं थांबून बघायला लागले.

एकदम तिकडचा आवाज थांबला. पोरगी गप्प झाली की फोन कट झाला, कळेना. थोरला स्क्रीनकडं बघायला लागला तसे आप्पा त्याच्यावर डाफरले, "गप, थांबू नका! वाजवा!"

दहा मिनिटांनी धाकट्याचा मेसेज आला. फोन मघाशीच कट झाला होता. पोरगी त्याच्या खांद्यावर झोपली होती. तोवर आम्ही वाजवतच होतो.