एकसारखे दोन टॅबलेट

जेवण झाल्यावर पेपर वाचायला म्हणून मी टॅबलेट उघडला, तर पडद्यावर धावपट्ट्यांचे नकाशे. आधी वाटलं, कसलीतरी जाहिरात असेल. खाली इंग्रजीत काहीतरी विचारत होतं, मी ‘हो’वर बोट टेकवलं आणि एक निळी रेघ पुढे सरकायला लागली. मग कोपऱ्यात आमच्या मुलीचं नाव दिसलं. हा तिचा टॅबलेट होता.

मुलगी सहवैमानिक आहे, म्हणजे विमानात कॅप्टनच्या शेजारी बसते. तिला विमान कंपनीकडून जयपूरच मिळालं, म्हणून वैशाली नगरात आमच्याजवळच राहते. मी बँकेत होतो. सांगलीहून बदल्या होत होत इथे आलो आणि निवृत्तीनंतर इथलाच झालो. दिवाळीत बापलेकीने एकसारखे टॅबलेट घेतले, कव्हरंही काळीच. मी पासवर्ड विसरतो म्हणून तिने दोन्हींना एकच लावून दिला होता. सकाळी ती आमच्याकडे येऊन गेली, तेव्हा निघताना घाईत माझा घेऊन गेली होती. तिचं विमान दुपारचं होतं.

पण कंपनीच्या विमानाचे नकाशे तिच्या स्वतःच्या टॅबलेटमध्ये कसे? आमच्या बँकेत कुणी स्वतःचा पेनड्राइव्ह जोडला असता तर लगेच हातात मेमो पडला असता.

“अहो, विचार कसला करताय? फोन लावा तिला,” बायको म्हणाली.

फोन नुसता वाजत राहिला. वैमानिकाने कामावर असताना फोन उचलू नये, हे सोसायटीत मीच अभिमानाने सांगायचो. आणि आता ‘उचल गं बाई, उचल’ म्हणत देव पाण्यात घालून बसलो होतो. या नकाशांशिवाय ती उडणार कशी, म्हणून शेवटी टॅक्सी बोलावली.

गोपालपुऱ्याला गाडी अडकली. ड्रायव्हरने विचारलं, “फ्लाइट कितने बजे की है, अंकलजी?”

“मेरी नहीं है. मतलब, इसको जाना है,” मी टॅबलेट वर धरून म्हणालो. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

विमानतळाच्या दारात जवानाने तिकीट मागितलं. तिकीट नाही, मुलगी पायलट आहे, हा तिचा टॅब, असं मी सांगितलं.

“तो आपके पास कैसे है?” तो म्हणाला.

मी दिवाळीच्या खरेदीपासून सांगायला सुरुवात केली. घाम पुसायला रुमाल काढताना खिशातला फोन थरथरतोय हे कळलं.

“बाबा, कुठे आहात? मी कधीची कॉल करतेय!”

ती गणवेशातच बाहेर आली. मला वाटलं, टॅबलेट घेईल आणि पळेल. तिने उभ्या उभ्या तो उघडला.

“बाबा, तुम्ही काही दाबलं का यात?”

“एकदाच. हो म्हणालो.”

“कशाला हो?”

“ते वाचलं नाही गं.”

ती बराच वेळ पडद्यावर बोट फिरवत राहिली. “नकाशे अपडेट झालेत बहुतेक. शायद सगळं ठीक आहे.”

“मग झालं तर!”

“शायदवर नाही ना जाता येत, बाबा.”

तिने बाजूला जाऊन कॅप्टनला फोन केला, मग आणखी कुणाला तरी. तिच्या जागी राखीव ठेवलेला दुसरा सहवैमानिक गेला. प्रवाशांना बहुधा पत्ताही लागला नसेल. आम्ही दोघं टॅक्सीत बसलो.

“स्वतःचा टॅबलेट चालतो का गं तुम्हाला?” मी हळूच विचारलं.

“हो. कंपनीने चेक करून परमिशन दिलीय.”

“आणि फोन?”

“आवाज बंद करून बॅगेत.”

“तुझाच टॅबलेट चालतो आणि तुझाच फोन चालत नाही? हे काय?”

“फोनवर तुम्ही दोघं असता ना.”

ती हे हसून म्हणाली की थकून, मला कळलं नाही. मी तो टॅबलेट विमानतळावर नेलाच नसता, तर ती कदाचित वेळेत सांगून कंपनीकडून दुसरा टॅबलेट मागून घेऊ शकली असती. किंवा कदाचित तेव्हाही तिला खालीच थांबावं लागलं असतं. विचारायचा धीर झाला नाही.

कंपनीने तिला सगळं लिहून द्यायला सांगितलं. तिने ते लिहून दिलं, टॅबलेट तपासून घेतला, पासवर्ड बदलला. लवकरच ती पुन्हा विमानात बसली. कळवलंस हे बरं केलंस, असं कॅप्टन म्हणाल्याचं तिने आईला सांगितलं, मला नाही.

एकदा चहा पिताना मी विचारलंच, “रागावलीस का माझ्यावर?”

“नाही,” ती म्हणाली. मग कप खाली ठेवला. “मतलब, थोडीशी.”

यातलं कोणतं खरं धरायचं ते मला अजून समजलेलं नाही.