अब्बांच्या खांद्याशी तीन बोटं

माझे वडील आयुष्यात दोनदाच फोटोला बसले, आणि त्यातला पहिला फोटो काढून घ्यायला ते पौडहून एसटीनं पुण्याला गेले. पौडात फोटो स्टुडिओ नव्हता असं नाही. होता. तो माझा होता.

आमचं बाजारपेठेत किराण्याचं दुकान. थोरल्या मुलानं, म्हणजे मी, ते सांभाळायचं, हे मी जन्मायच्या आधीच ठरलेलं. मी ते सोडून शेजारच्याच गाळ्यात स्टुडिओ काढला, आणि त्या दिवसापासून अब्बांनी त्या गाळ्याची पायरी चढली नाही. माझ्या उद्योगाला ते 'उभ्या माणसाला भिंतीवर टांगायचा धंदा' म्हणत. अम्मीला घेऊन हजला जायचं ठरलं, पासपोर्टला फोटो लागला, तरी माझ्या दारावरून सरळ एसटी स्टँडवर गेले. (पुण्याच्या फोटोत त्यांचा एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा आला. मला बरं वाटलं.)

तेव्हा हजला मुंबईहून बोटीनं जायचं. माणूस परत येईलच असं कुणी धरून चालत नसे. म्हणून अम्मीनं हट्ट धरला, की निघायच्या सकाळी सगळं घर गोळा होईल, तर फोटो व्हायला हवा आणि तो घरच्या पोरानंच काढायला हवा. अब्बांनी आधी तराजू पुसून ठेवला. मग म्हणाले, "एकच. दुसऱ्याला बसणार न्हाई."

एकच तर एकच! त्या एका फोटोनं अब्बांना मान्य करायला लावीन, की आपल्या पोराच्या हातात कला आहे, असा मी निश्चय केला. तीन फ्लॅश लावायचे ठरवले. तिघांचं गोत्र वेगळं. एक कॅमेऱ्यावर बसणारा. दुसरा मुंबईहून आणलेला जुना जपानी. तिसरा देशी बनावटीचा, तेलाच्या डब्याएवढा. जपानी पाच सेकंदांत तयार होई. डबा अर्धा मिनिट 'कुंईऽऽ' करत बसे आणि मग त्याचा लाल दिवा लागे. गंमत अशी, की लांबच्या या दोघांना वायरच नव्हती. प्रत्येकाला एकेक काचेचा डोळा होता. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उडाला, की त्या डोळ्याला तो दिसे आणि हे दोघेही त्याच क्षणी उडत.

आदल्या दिवशी मी घराच्या पुढच्या सोप्यात दिवे मांडून चाचणी घेतली. अर्धी पेठ बघायला आली. मी इथं बटण दाबलं, आणि पार त्या कोपऱ्यात, कुणीही हात न लावता, वीज चमकली. खरं सांगतो, मलाच काटा आला अंगावर. कोंडिबा धनगर शेळ्या वाटेत सोडून आत आला होता. त्यानं काठी दिव्याच्या स्टँडखालून फिरवून वायर कुठं लपवली आहे ते पाहिलं. सापडली नाही.

"तार न्हाई," तो हळू आवाजात म्हणाला, "मग त्याला सांगतंय कोन?"

"मी," मी म्हणालो. "माझ्या हुकमाबिगर तो पेटत न्हाई."

दाराशी उभे असलेले अब्बा तेवढंच बोलले, "दिवा ऐकतोय त्याचं. नशीबवान हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. हजला निघणारा माणूस भेटेल त्याला 'बोललंचाललं माफ करा' म्हणतो, तशी आमची रीत. अब्बा सगळ्या पेठेची माफी मागत होते. कोंडिबाची शेळी गुळाच्या ढेपेला लागली म्हणून त्यांनी कधीतरी तिला माप फेकून मारलं होतं. त्याचीही माफी मागून झाली. (कोंडिबानं शेळीच्या वतीनं दिली.)

तेवढ्यात पुण्याहून आपा आणि दाजी आले. आपा माझी थोरली बहीण. दाजींच्या गळ्यात साबणाच्या वडीएवढा नवा कॅमेरा होता, त्यातच बसवलेला बारीकसा फ्लॅश. त्यांनी आल्या आल्या पोरांचा एक फोटो काढला, आणि माझे दोन्ही दिवे आपोआप धडाधड उडाले. फुफीच्या, म्हणजे आमच्या आत्याच्या, हातातला चहाचा ट्रे खाली गेला. मला शरम वाटली. आतलं काहीतरी सैल झालं असणार, म्हणून मी दोन्ही दिव्यांचे स्क्रू पिळून घट्ट केले. दाजींच्या फ्लॅशचा संशय मला आलाच नाही. कसा येणार? तोवर सगळ्या पौडात फ्लॅश म्हणजे माझाच. दुसऱ्या कुणाचा फ्लॅश जगात असतो, ही कल्पनाच माझ्या डोक्यात नव्हती!

जीप दारात येऊन उभी राहिली. सगळे बसले. अब्बा मध्ये, गळ्यात हार. डब्याचा लाल दिवा लागला. मी कॅमेऱ्यात डोळा घातला, डावा हात पुढे वर धरला आणि एकेक बोट उघडत मोजायला लागलो. एक. दोन. तीन.

लख्ख प्रकाश पडला. काय प्रकाश होता तो! सोप्याचे वासे न् वासे दिसले. दाजी माझ्या पाठीमागून, "मी पन घेतला एक," असं काहीसं म्हणाले. मी लक्ष दिलं नाही.

अब्बा उठून माझ्यापाशी आले. "तुझ्या धंद्याला लई नावं ठेवली मी," म्हणाले. "माफ कर." मी मोठ्या मनानं माफ केलं. जीप वळणाआड गेल्यावर मात्र स्टुडिओत जाऊन रडलो.

दाजींनी त्यांचा रोल माझ्याकडेच धुवायला टाकला. मेव्हणा स्टुडिओवाला असताना दुसरीकडे कशाला जायचं! मी दोन्ही रोल एकत्रच धुतले.

माझ्या फोटोत पुढची रांग भुतासारखी पांढरी होती आणि मागचं सगळं खानदान अंधारात बुडालं होतं. अब्बांचे डोळे मिटलेले. माझ्याआधी पाव सेकंद दाजींनी बटण दाबलं होतं. माझ्या हुकमातल्या दोन्ही दिव्यांनी इमानेइतबारे त्यांचं ऐकलं, आणि माझी पाळी आली तेव्हा ते कुंई करत होते.

मग दाजींचा फोटो कागदावर घेतला. लाल उजेडात अब्बांचा चेहरा पाण्यातून हळूहळू वर आला. एकूण एक माणूस उजळलेला. अब्बा थेट समोर बघत होते, माझ्याकडे, आणि त्या नजरेत कौतुक होतं. ते मी पहिल्यांदाच पाहिलं. त्या क्षणी माझा डोळा कॅमेऱ्यात असला तरी लक्ष दिव्यांवर होतं ना!

फक्त अब्बांच्या खांद्याशी, हवेत, तीन बोटं आली होती. ती कापावी तर फुफी जात होती. मी ठेवली. दाजींना कळवलं, तुमच्या रोलला उजेड लागला, फुकट गेला. फोटो मोठा करून फ्रेम केला.

अब्बा-अम्मी सुखरूप परतले. खजूर वाटून झाल्यावर मी सगळ्यांसमोर फ्रेमवरचं फडकं काढलं. सगळा सोपा पुढे सरकला. दाजीसुद्धा भारावून म्हणाले, "याला म्हणतात हात!"

अब्बांनी फ्रेम मांडीवर घेतली आणि निरखून पाहिली. मग त्या तीन बोटांवर बोट ठेवलं. फुफी म्हणाली, आशीर्वादाचा हात दिसतोय.

"फोटू धुवायच्या औषधानं काळी पडलेली नखं हायेत ही," अब्बा म्हणाले. "वळखतो मी. तुझा हात हाय ह्यो. मग तुझ्याच फोटोत तुझा हात आला कसा?"

मी सगळ्या घरासमोर, दाजींसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, फोटो दाजींचा आहे, बोललंचाललं माफ करा. हजला न जाताच ती वेळ माझ्यावर आली. दाजी हसून हसून खजुरावर ठसकले.

अब्बा हसले नाहीत. फ्रेम माझ्या हातात देत म्हणाले, "असू दे. बटन कुनी बी दाबू दे. बघत तर मी तुझ्याकडंच होतो."

दुसऱ्या दिवशी ते स्टुडिओची पायरी चढले, फोटो दर्शनी काचेत लागला का ते बघायला. अजून तिथंच आहे. त्याच्यासारखा एक काढून द्या, म्हणत लोक अजून येतात. मी त्यांना दाजींचा पत्ता देतो. बोटं मात्र माझ्याकडेच मिळतील.