टेबलावर कोण नाचले

वाणिज्य शाखेच्या मुलांना संगीताचा ऐच्छिक विषय शिकवणारे आमचे पनवेलचे सर तोंडी परीक्षेत टेबलावर नाचले, असे गावभर सांगतात. साफ खोटे. बाह्य परीक्षक म्हणून मी शेजारीच होतो.

सरांची सवय एवढीच, की प्रत्येक वाक्य ते मांडीवर थाप देऊन समेवर आणतात. गव्हाणच्या एका मुलीला यमन आठवेना. नापास झाली असती तर तिची पदवी अडणार होती.

“सर, मना नाय येत.”

“मग घरी हळदीला तुम्ही बाया गाता, ते म्हण.” थाप.

तिने सूर लावला आणि दाराबाहेर ताटकळलेली मुले टाळ्या वाजवीत आत शिरली. सर डोळे मिटून, खुर्चीतच, मांडीवर ठेका देत राहिले. मुलगी उत्तीर्ण झाली.

टेबलावर नाचलो तो मी. आणि एकही सम चुकलो नाही.