खिशात ठेवलेले कान

रस्त्यावरचे लोक तिला कानवाली म्हणत. दुकानाच्या काचेवर भलामोठा कान रंगवलेला होता, त्यामुळे दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती. एकवीस वर्षं ती लोकांचे कान तपासत होती, त्यांना मशीन बसवून देत होती. आलेल्या माणसाशी समोर बसून, ओठ दिसतील अशा बेताने, सावकाश बोलायची. म्हाताऱ्यांचा तिच्यावर जीव होता. तिच्या मनात काय काय साचून राहतं, ते त्यांना कुठून कळणार? ते ऐकायचं मशीन अजून निघालेलं नाही.

तिच्या बाबांनी जन्मभर बाजारातले वजनकाटे दुरुस्त केले. कोणत्या दुकानदाराने काटा मारलाय, पारड्याखाली काय चिकटवलंय, हे त्यांना उंबऱ्यातूनच समजायचं. खोट्या काट्याला ते हात लावत तो खरा करायलाच. उलटं काम करून मागणाऱ्याला पायरीवरूनच परत पाठवत. उतारवयात त्यांचे कान गेले, तेव्हा लेकीने दुकानातली सगळ्यात चांगली मशीनं त्यांच्या कानांत बसवली आणि तीन दिवस बसून एकेक आवाज जुळवला. आई गेल्यावर घरात बोलायला ही दोघंच उरली होती.

दोन वर्षांपूर्वी दादाची, तिच्या थोरल्या भावाची, समुद्रापलीकडे बदली झाली. निघायच्या आदल्या दुपारी तिघं कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवायला गेली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मुलाला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. आठवडाभर ते स्वतःशी पुटपुटत शब्द मागेपुढे करत होते.

हॉटेलात चार कोपऱ्यांत चार स्पीकर होते आणि पाचवा नेमका त्यांच्या टेबलावर टांगलेला. ठोका पडला की ग्लासातलं पाणी शहारायचं. माणसं एकमेकांच्या कानाला तोंड लावून ओरडत होती, त्याने गोंगाट वाढत होता, आणि गोंगाट वाढला म्हणून गाणं आणखी मोठं होत होतं. कोणी जेवत नव्हतं. ठोक्यावर जबडे हलत होते, एवढंच. अशा जागी चांगल्यातलं चांगलं मशीनही हात टेकतं. बाबा वाकून दादाला काहीतरी म्हणाले. दादा म्हणाला, "हो हो, बाबा." त्याला अक्षर ऐकू गेलं नव्हतं. बाबांनी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा "हो हो" म्हणाला आणि त्याने घड्याळ पाहिलं.

ती उठून गल्ल्यापाशी गेली. मालक स्पीकरखालीच उभा राहून बोटांनी ताल धरत होता.

"आवाज जरा कमी करता का? आमच्या बाबांना ऐकू येत नाहीये."

"ताई, हे हॉटेल आहे, वाचनालय नाही," तो म्हणाला. "गाणं दणदणीत असलं की गिऱ्हाईक भराभर खातं आणि उठतं. बाबांना ऐकू येत नसेल तर त्यात माझ्या गाण्याचा काय दोष? पुढच्या वेळी त्यांना घरीच भरवा." शेजारच्या वेटरला डोळा मारून त्याने बटण आणखी थोडं पुढे फिरवलं.

बाबांनी ते पाहिलं. त्यांनी उजव्या कानातलं मशीन काढलं, मग डावं. दोन्ही शर्टाच्या खिशात टाकली आणि हसत बसले. कोणी काही बोललं की मान डोलवायची, हसायचं. चोरी करताना सापडलेल्या माणसासारखं हसू.

त्या दिवसापासून मशीनं कपाटाच्या खणात गेली. पाहुणे आले की बाबा आतल्या खोलीत. "घाला ना, बाबा, तुमच्याशी बोलायचंय," ती म्हणायची, तर ते हवेत लिहिल्याची खूण करायचे. मग ती चिठ्ठीवर लिहायची. दूध संपलंय. नळवाला येणार आहे. याच्यापलीकडचं काही चिठ्ठीवर उतरत नाही. मालकाचा चेहरा मात्र तिने लोणच्यासारखा मुरवत ठेवला. भांडी घासताना, जिना चढताना ती तो मनातल्या मनात काढून बघायची आणि पुन्हा झाकण लावायची.

एका मंगळवारी तो स्वतःच्या पायाने दुकानात आला.

"बायको म्हणते, मला कमी ऐकू येतं," खुर्चीत पसरत तो म्हणाला. "मी म्हणतो, तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस. काय ते एकदा बघून टाका, मॅडम." त्याने तिला ओळखलं नव्हतं. त्याने त्या दिवशी तिच्याकडे पाहिलंच कुठे होतं?

तपासणीसाठी दुकानात आवाजबंद खोली होती. आत बसायचं, कानावर हेडफोन लावायचे, बारीकसा सूर ऐकू आला की बटण दाबायचं. तिने त्याला आत बसवलं, दार लावलं, आणि यंत्र चालूच केलं नाही. काचेतून बघत राहिली. सहा मिनिटं. पहिल्या मिनिटाला तो ऐटीत होता. तिसऱ्याला बटण उगाचच दाबायला लागला. पाचव्याला त्याने हेडफोन काढून हलवून पाहिले. सहाव्या मिनिटाला दार ढकलून बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

"आत सारखी शिट्टी वाजतेय."

"यंत्र बंद आहे."

"मग शिट्टी कुणाची?"

"तुमची," ती म्हणाली. "बारा-पंधरा वर्षं स्पीकरखाली उभं राहिलं की ती कायमची मुक्कामाला येते. आता बसा, खरी तपासणी करू."

खरी तपासणी तिने अगदी चोख केली. त्याचे कान वाजवीपेक्षा जास्त गेले होते. मशीनं बसवतानाही घरातला आवाज, फोनचा आवाज, रस्त्याचा आवाज तिने नीट जुळवला. शेवटी गर्दीच्या जागेची जुळणी आली. तिथे मशीनने मागचा गलका दाबायचा आणि समोरच्याचं बोलणं उचलायचं, असं असतं. तिने ते उलटं करून ठेवलं. चार वेळा बटण दाबलं, झालं. एकवीस वर्षांत असं तिने कधी केलं नव्हतं.

आठवड्याने तो परत आला. "घरी झकास ऐकू येतं. बायकोची कुरकुरसुद्धा. हॉटेलात गेलो की गाणं डोक्यात खिळ्यासारखं घुसतं आणि गिऱ्हाईक नुसतं तोंड हलवतं."

"मशीनचा काय दोष? आवाज कमी करून बघा."

"आवाज कमी केला तर हॉटेल सुनं वाटतं हो."

"मग मशीन काढून खिशात ठेवत जा," ती गोड आवाजात म्हणाली. "मान डोलवायची, हसायचं. काही म्हातारे करतात तसं."

पंधरा दिवसांत त्याने टेबलावरचा स्पीकर उतरवला. महिन्याने बाकीचे चारही गप्प झाले. ती रोज संध्याकाळी मुद्दाम त्या कोपऱ्यावरून चालत घरी यायची, दारात थांबून शांतता ऐकायची, आणि मगच पुढे निघायची.

मग एका रविवारी दुपारी तिने खणातून मशीनं काढून पुसली, नवे सेल घातले आणि चिठ्ठी लिहिली : तिथली गाणी बंद झाली. चला. बाबांनी ती दोनदा वाचली. मग इस्त्रीचा शर्ट मागितला.

मालक धावतच आला. "अहो मॅडम, या या. हे बाबा का? बाबा, तुमची लेक म्हणजे हिरा आहे." बाबांनी नमस्कार केला. त्यांना सगळं ऐकू येत होतं, चमच्यांची किणकिण, पलीकडच्या टेबलावरचं भांडण, खुर्ची सरकल्याचा आवाज. त्यांचा चेहरा हळूहळू उमलला. सूप आलं. तिने इतके दिवस मनाशी धरून ठेवलेला प्रश्न विचारला.

"बाबा, दादाला त्या दिवशी काय सांगत होता?"

बाबांनी चमचा खाली ठेवला. "गेलं ते," ते म्हणाले. "शब्द नीट लावून ठेवले होते मी. आता एकही सापडत नाही."

स्वयंपाकघरात ताटल्या आदळल्या. गल्ल्यापाशी मालकाने दोन्ही हातांनी कान दाबले. समोरचं गिऱ्हाईक काही विचारत होतं आणि तो हसत मान डोलवत होता. बाबा त्याच्याकडे बघत राहिले, पूर्वी उंबऱ्यातून दुकानातल्या पारड्याकडे बघत तसे.

"याच्या मशीनचा काटा मारलाय कुणीतरी," ते म्हणाले. "त्याला घरी बरं ऐकू येत असणार, इथेच येत नसणार. कुणी बसवलंय?"

तिने मान वर केली नाही. "मी."

"चुकलं?"

"नाही."

बाबांनी रुमालाने ओठ पुसले. मग म्हणाले, "उद्या दुकान उघडलंस की आधी त्याचं काम कर."

"करीन. तुम्हाला ते शब्द आठवतील त्या दिवशी."

बाबांनी उजव्या कानातलं मशीन काढलं, मग डावं. दोन्ही शर्टाच्या खिशात टाकली आणि सूप प्यायला लागले. या वेळी ते हसले नाहीत.

"बाबा," ती म्हणाली. हॉटेल इतकं शांत होतं की पलीकडच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली. "बाबा."

मालक लगबगीने आला. "सगळं ठीक ना, मॅडम?"

"ठीक आहे," ती म्हणाली. तेवढ्यात आत पुन्हा ताटल्या वाजल्या. "काय म्हणालात?" त्याने कानामागे हात धरून विचारलं.

तिने पुन्हा सांगितलं नाही. सूप निवत चाललं होतं. ती ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.